शटर, डायल आणि बापाचा अंगठा

नागपूरला फोन लावायचा तर वीस टिचक्या, मुंबईला चौदा. १९९० च्या आसपास भंडारा, तुमसर, पवनीकडे ज्या मोजक्या घरांत टेलिफोन होता, तिथल्या एखाद्या तरी पोट्ट्याला हे गणित पाढ्यासारखं पाठ असायचं. घरातल्या काळ्या फोनच्या डायलला वडिलांनी कुलूप घातलेलं असे. डायलच्या भोकात बसणारं, बोटाच्या पेराएवढं गोल पितळी कुलूप. ते बसवलं की डायल जेमतेम हलायची आणि अडायची. किल्ली वडिलांच्या जानव्याला, नाहीतर शर्टाच्या खिशात. आलेला फोन घ्यायला हरकत नाही, लावायचा मात्र नाही.

पण कुलूप होतं डायलला, तारेला नव्हे. डायल फिरून परत येताना जो कटकट आवाज होतो, तेवढ्या वेळा ती लाइन क्षणभर तोडते आणि जोडते. एक्स्चेंजला एवढंच कळतं. रिसीव्हर ठेवायच्या जागी जी दोन बटणं असतात, तीही लाइन तोडतात आणि जोडतात. ती सात वेळा पटापट दाबली की सात, एकदा दाबलं की एक आणि शून्यासाठी दहा वेळा. नागपूरचा कोड ०७१२, म्हणजे दहा, सात, एक, दोन मिळून वीस टिचक्या. मुंबईचा ०२२, म्हणून चौदा. त्यापुढे मित्राचा किंवा मावसभावाचा नंबर तसाच ठोकायचा. हात एका लयीत चालला नाही, तर भलत्याच माणसाची झोपमोड व्हायची.

बिलावर तपशील नसायचा, एकूण कॉल किती झाले तेवढाच आकडा असायचा. त्यामुळे चोरी झाली हे वडिलांना कळे, चोर कोण ते कळत नसे. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि एसटीडीला गुप्त अंकांचं कुलूप घालायची सोय झाली. पितळी कुलूप अडगळीत पडलं. किल्लीच्या जागी आकडा आला. हा आकडा वडिलांनी कुठेतरी लिहून ठेवलेला असायचाच, आणि बहुतेक वेळा टेलिफोनच्याच डायरीत.

मुलाच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर आईवडिलांचं नियंत्रण, म्हणजे बोलीभाषेत ‘पॅरेंटल लॉक’, आणि ते कसं काढायचं यावरून घराघरांत चाललेली ओढाताण आज सगळ्यांच्या परिचयाची आहे. ती मोबाइलबरोबर आली असं अनेकांना वाटतं. भंडारा जिल्ह्यापुरता मागोवा घेतला तरी ती बरीच जुनी निघते. आणि जुन्या कुलपांकडे नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. पोरांना खरोखर अडवत होतं ते कुलूप नव्हतंच. अडवत होती टंचाई: पैशाची, विजेची, रस्त्याची, एकांताची.

एकांताचंच पाहा. दिवाळी सरली की भंडारा आणि गोंदियाच्या गावांत मंडया सुरू होतात. (१ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, त्याआधी हा एकच जिल्हा होता.) ठरलेल्या दिवशी गावात बाजार भरतो, लेकीबाळी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घर भरतं आणि रात्री दंडार, खडीगंमत नाहीतर झाडीपट्टीचं नाटक होतं. पडदा दहा-अकराला वर जातो आणि पहाटेच्या सुमारास पडतो. खडीगंमतीतले सवालजवाब काही सोवळे नसत. दुअर्थी बोलणं, नाच्याचे नखरे, शाहिराच्या कोपरखळ्या सगळं त्यात असे. या लोककलांवर आणि झाडीबोलीवर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी आयुष्यभर काम केलं म्हणून त्यांची नीट नोंद तरी झाली. एरवी पांढरपेशे लोक नाक मुरडूनच मोकळे होत.

पण मुलांना तिथे यायला बंदी नव्हती, कारण घरी ठेवायचं म्हटलं तर घरी थांबणार कोण? सगळं गाव मांडवात. पोरं आजीच्या लुगड्याला धरून पुढे बसायची, पहिल्या अंकाला खिदळायची आणि विनोद खालच्या पट्टीत जायच्या सुमारास पोत्यावर आडवी व्हायची. झोप हेच त्या काळचं नियंत्रण. जो जागा राहायचा त्याच्या मागे काका, बाजूला शेजारीण, पलीकडे शाळेचे गुरुजी. नको तिथे हसला तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत विचारणा व्हायची. आज मंडईच्या मांडवातलं दृश्य कुणाच्या खिशातून कुठे जाईल याचा नेम राहिलेला नाही. २०२३ च्या दिवाळीनंतर तुमसर तालुक्यात मंडईनिमित्त झालेल्या एका ‘डान्स हंगामा’तल्या अश्लील नाचाचे व्हिडिओ जिल्हाभर फिरले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. मांडवात जितके होते त्याहून कितीतरी जास्त लोकांनी ते एकट्याने, अंथरुणात पडून पाहिलं असणार. त्यात मुलं किती, हे कोण मोजणार?

कागदाच्या काळातही आईबापांची धास्ती हीच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी दिल्लीत संसदेने तरुणांना हानिकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा केला. अमेरिकेतल्या भयकथांच्या चित्रपुस्तकांवरून ब्रिटनमध्ये ओरड झाली होती, तिथे १९५५ मध्ये कायदा झाला आणि पाठोपाठ आपल्याकडेही. गुन्हे, हिंसा, क्रौर्य, किळसवाणे प्रसंग चित्रांतून रंगवून कोवळ्या मनाला बिघडवील असं पुस्तक छापायला आणि विकायला शिक्षा. गंमत म्हणजे त्या कायद्याचा ‘तरुण’ वीस वर्षांखालचा. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं म्हणा. तरी लग्न होऊन मांडीवर पोर खेळवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या बाप्यालाही हा कायदा भूतखेताच्या पुस्तकापासून वाचवत होता.

मराठी घरांत भयकथांच्या चित्रपुस्तकांपेक्षा बाबूराव अर्नाळकरांचं भय अधिक. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या या गृहस्थाने झुंझार आणि काळापहाड ही दोन नावं महाराष्ट्रभर नेली. घरात ‘चांदोबा’ला मुभा होती, १९७१ पासून बालभारतीच्या ‘किशोर’लाही. अर्नाळकर मात्र भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचे. पण गावातल्या मुलाला ते पुस्तक मिळवण्यासाठी आधी तालुक्याला जावं लागे, वाचनालयाची वर्गणी भरावी लागे, ग्रंथपालाची नजर चुकवावी लागे आणि मग रात्री रॉकेलचा दिवा जाळावा लागे. रॉकेल रेशनचं. ‘दिवा बंद कर’ हे वाक्य आईने संस्कारांसाठी उच्चारलं की रॉकेलसाठी, हे सांगणं अवघड आहे.

सिनेमाचं थोडक्यात. १९५२ च्या कायद्याने ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा अठरा वर्षांखालच्यांना बंद केला. तालुक्याच्या टॉकीजमध्ये वय ठरायचं मिशीवरून आणि डोअरकीपरच्या ओळखीवरून. १९८३ मध्ये ‘यूए’ ही मधली पायरी आली आणि २०२३ च्या दुरुस्तीने तिचे सात, तेरा, सोळा असे तीन तुकडे झाले. तोपर्यंत मुलं टॉकीजकडे पाठ फिरवून केव्हाच निघून गेली होती.

खरं कुलूप घरात आलं ते टीव्हीबरोबर. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत प्रक्षेपण आलं आणि पुढच्या काही वर्षांत छतांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांची झाडं उगवली. भंडाऱ्यात तो अँटेना पश्चिमेकडे, नागपूरच्या दिशेला तोंड करून असे. खाली बैठकीत चार पायांवर उभा असलेला लाकडी खोका. त्याला दोन्ही बाजूंनी सरकत येणारं लाकडी पट्ट्यांचं शटर, आणि शटर मधोमध भेटतं तिथे कुलूप. कंपन्या ते ‘धुळीपासून संरक्षण’ म्हणून विकत असत. घेणाऱ्याला ते कशासाठी हवं आहे ते दुकानदाराला चांगलं ठाऊक असे.

शटरवर भरतकामाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. ही कुंडीसुद्धा कामाची. ती किती अंशांनी वळली आहे हे आईच्या लक्षात राहायचं. किल्लीच्या जागा ठरलेल्या: देव्हारा, तांदळाचा डबा, आईची कंबर. धानाच्या मुलखात तांदळाचा डबा चांगला कोपरभर खोल, त्यात किल्ली शोधायची तर हाताला पीठ लागायचं आणि पोर पकडलं जायचं.

पण मुख्य तपासणी संध्याकाळी व्हायची. वडील कचेरीतून आले की चपला काढायच्या आधी टीव्हीच्या माथ्यावर हात ठेवायचे. जुन्या पिक्चर ट्यूबचा संच तासभर चालला की वरून चांगलाच तापतो. गरम लागला की चौकशी सुरू. पोरांनी त्यावर उपाय काढला. सायकलची घंटी वाजायच्या पंधरा मिनिटं आधी बंद करायचा आणि टेबलफॅन लावून ठेवायचा. काही बहाद्दर ओलं फडकं फिरवत. विजेच्या उपकरणावर ओलं फडकं फिरवून कुणी दगावलं नाही, हे त्या पिढीचं नशीब.

या सगळ्या खटाटोपाला एक मोठं भोक होतं, ते म्हणजे शेजारचं घर. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी तर कुलपाचा प्रश्नच मिटला. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या अंगणात सगळी आळी. शटर उघडायचं, संचाला हार घालायचा. ज्या वस्तूपासून आठवडाभर पोरांना लांब ठेवायचं, तिच्यापुढे रविवारी त्यांनाच हात जोडून बसवायचं. पुढे संच प्लास्टिकच्या खोक्यात आले, शटर आपोआप गेलं. कुठल्याही घरात मुलांवर विश्वास बसला म्हणून ते काढल्याचं ऐकिवात नाही.

टेलिफोनचंही तेच झालं. एसटीडी स्वस्त झाली, मोबाइल आले, आणि डायलचं कुलूप कशासाठी घालायचं हाच प्रश्न उरला नाही. वडिलांना मुलाच्या बोलण्याची चिंता जितकी होती, त्याहून बिलाची अधिक होती, हे आता मान्य करायला हरकत नसावी.

केबल आल्यावर कुलूप घरात राहिलंच नाही, ते केबलवाल्याकडे गेलं. फेब्रुवारी लागला की दहावी-बारावीच्या घरातून निरोप जायचा, “परीक्षेपुरती लाइन काढून ठेवा.” केबलवाला खांबावर चढून वायर सोडवायचा, शेवटच्या पेपरच्या दिवशी जोडायचा. आजवरच्या सगळ्या उपायांत हाच सर्वांत सरळ म्हणायला हवा. कधी बंद, कधी सुरू, कशासाठी बंद, सगळं मुलाला आधीच माहीत. शिवाय त्या वायरीबरोबर आईची मालिकाही जायची. शिक्षा वाटून घेतलेली असली की पोर फार कुरकुरत नाही. त्याच सुमाराला भारनियमनाचे दिवस आले. विदर्भातल्या खेड्यांत तासन्‌तास वीज गुल. पोरांचा टीव्ही किती वेळ चालावा, हा निर्णय काही वर्षं परस्पर महावितरणच घेत होतं.

मग सेट-टॉप बॉक्स आला. त्याच्या रिमोटच्या मेनूत ‘चाइल्ड लॉक’ पहिल्यांदा या नावाने घरात शिरलं. चार आकड्यांचा पिन. कारखान्यातून येताना तो बहुधा चार शून्यं किंवा एक-दोन-तीन-चार. तो बदलायचा असतो हे किती घरांना माहीत होतं? अमेरिकेने हा प्रयोग आधीच करून पाहिला होता. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तिथे टीव्ही संचांत ‘व्ही-चिप’ सक्तीची केली, २००० पासून तेरा इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ती बसू लागली. २००४ मध्ये कैसर फाउंडेशनने पालकांना विचारलं तेव्हा ती कधी वापरली आहे असं सांगणारे निघाले १५ टक्के. अनेकांना तर आपल्या घरच्या संचात अशी चिप आहे हेच ठाऊक नव्हतं.

सायबर कॅफेचा काळ जिल्ह्यात आला आणि लवकरच सरला. पण त्यासाठी केंद्र सरकारने ११ एप्रिल २०११ ला काढलेले नियम वाचण्यासारखे आहेत. गिऱ्हाईक बसतं त्या खोक्याची भिंत जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको. खोका नसलेल्या संगणकाचं तोंड मोकळ्या जागेकडे हवं. अल्पवयीन मुलाला खोक्यात एकटं बसू द्यायचं नाही, पालक बरोबर हवा. नोंदवही वर्षभर सांभाळायची. साडेचार फूट म्हणजे उभ्या माणसाला बसलेल्याचा पडदा दिसावा इतकं. मंडईच्या मांडवात काका जे फुकट करत होते, तेच काम सरकारने सुताराच्या पट्टीवर सोपवलं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. तोवर महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणाऱ्या घरांत दिवसाला एक जीबी येऊ लागला. पैशाची टंचाई हे शेवटचं मोठं कुलूप होतं, ते एका दिवाळीच्या आत निघालं. तरीही फोन बापाचाच होता आणि बाप तो खिशात ठेवायचा. चार वर्षांनी तोही अडसर गेला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळांना कुलूप पडलं. राज्याने घोषणा दिली, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. दीक्षा अॅप, व्हॉट्सअॅपवर येणारा गृहपाठ, व्हिडिओचे दुवे. नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये लागलं आणि धानाच्या जिल्ह्यात जुलै म्हणजे रोवणी. आईबाप दोघंही बांधीत, गुडघाभर चिखलात. घरात स्मार्टफोन एक. तो बांधीवर न्यायचा की घरी ठेवायचा? पावसात भिजू नये म्हणून आणि अभ्यास बुडू नये म्हणून तो घरीच राहिला. ज्या वस्तूला हात लावला म्हणून आदल्या वर्षी धपाटा बसला असता, ती घे आणि बस, असं आता घरची माणसंच सांगू लागली. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात देशभरातल्या ग्रामीण शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झालं. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट.

या फोनांना कुलूप नव्हतं असं नाही. बापाच्या अंगठ्याचं होतं. दुपारी चिखलातून येऊन, भात खाऊन बाप ओसरीवर आडवा व्हायचा. हात बाजेबाहेर लोंबत असे. पोर मांजराच्या पावलांनी यायचं, फोन उचलून अंगठ्याखाली धरायचं. रोवणीच्या दिवसांत अंगठ्याची कातडी पाण्याने सुरकुतलेली, एका दमात फोन उघडायचा नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग बापच डोळे न उघडता विचारायचा, “काहून रे पोट्ट्या, अंगठा कायले पाह्यजे?” अशा प्रसंगानंतर बरेच बाप शहाणे झाले. त्यांनी पोराचाच अंगठा फोनमध्ये नोंदवून टाकला. निदान झोप तरी पुरी होईल.

हे चालू असताना कुलपांची नवी पिढी तयार होऊन बसली होती. संगणकासाठी अशी सॉफ्टवेअर १९९५ च्या सुमारास अमेरिकेत विकायला आली, विंडोज व्हिस्टात २००७ मध्ये ती आयतीच मिळाली. गुगलचं ‘फॅमिली लिंक’ २०१७ चं, अॅपलचं ‘स्क्रीन टाइम’ २०१८ चं. त्यांत काय काय आहे ते पाहिलं तर ओळखीची मंडळीच भेटतात. ठरावीक वेळेला फोन झोपवणं म्हणजे भारनियमन. नवं अॅप घ्यायला आईची परवानगी म्हणजे टॉकीजचा डोअरकीपर. आठवड्याचा अहवाल म्हणजे टीव्हीच्या माथ्यावर ठेवलेला हात. गेलेली टंचाई यंत्राने पुन्हा उभी करायची, अशी ही कल्पना.

पळवाटाही तशाच ओळखीच्या. फोनचं घड्याळ मागे करून मर्यादा फसवणं, पाहुणा म्हणून दुसरं खातं उघडणं, अॅपवर बंदी असेल तर ब्राउझरमधून तीच गोष्ट पाहणं. कंपन्या एक भोक बुजवतात, शाळेच्या मधल्या सुट्टीत दुसरं सापडतं. आणि शेजारचं घर आजही आहे. आता त्याला मित्राचा हॉटस्पॉट म्हणतात.

मोठा फरक आहे तो दुसरीकडे. डायलचं कुलूप कसं चालतं हे वडिलांना कळत होतं, शटरची किल्ली आईच्या कमरेला होती. फोनच्या बाबतीत कुलूप बसवायचं म्हटलं की आई हाक मारते मुलालाच: “हे अॅप टाकून दे रे जरा.” पोर आपल्या हाताने आपल्या फोनला कुलूप घालतं, पासवर्ड स्वतः ठरवतं आणि आईला सांगतं, झालं. कैद्यानेच तुरुंगाचा आराखडा काढावा तसं हे. २०२४ च्या ‘असर’ अहवालात चौदा ते सोळा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी होती ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांत पासवर्ड कसा बदलायचा हे ठाऊक असलेली निम्म्याहून जास्त. हाच प्रश्न त्यांच्या आईबापांना विचारला असता तर काय आकडा आला असता, याचा अंदाज कोणीही करावा.

म्हणून काही गावांनी यंत्राचा नाद सोडून जुनाच मार्ग धरला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथल्या देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजू लागला. सगळ्या गावाने टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायचे, पोरांनी पुस्तकं उघडायची. साडेआठला पुन्हा भोंगा, की मोकळे. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने हे झालं, आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी ग्रामपंचायतीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही बातम्या देशभर गाजल्या. दोन्हींत फरक मात्र मोठा. वडगावात बापाचाही फोन बंद होता आणि साडेआठला तो सुरूही होत होता, अगदी खांबावरून सोडवलेल्या वायरीसारखा. बंदी कधी उठणार हे ठाऊक असलेली बंदी पोरं सोसतात. अठरा वर्षांचे होईपर्यंत थांबा, हे बारा वर्षांच्या मुलाला सांगणं म्हणजे न सांगितल्यासारखंच.

कुलूप काढायचं कधी, याचं उत्तर कुलूप घालण्यापेक्षा अवघड आहे. केरळमध्ये कोळिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल जमा करावा, असा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो नाकारला, तिला वसतिगृहातून काढलं. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. सज्ञान मुलींना शाळकरी पोरांसारखं वागवू नका, एवढाच त्याचा अर्थ. पण पंधरा वर्षांच्या मुलाचं काय, सोळाच्या मुलीचं काय? भंडारा-साकोलीकडची मुलं अकरावीला नागपूरला जातात, खोली करून राहतात. घरी असताना रात्री नऊला बंद होणारा फोन तिथे गेल्यावर एका रात्रीत मोकळा करून द्यायचा की नाही, हे ठरवायला कोणत्याही घराकडे रीत नाही. डायलच्या कुलपाची नव्हती, शटरची नव्हती, याचीही नाही. कुलपं निघाली ती नेहमी दुसऱ्याच कारणाने.

वयाच्या बाबतीत कायदे आणि कंपन्या यांचंही एकमत नाही. १९५६ च्या कायद्यात वीस, सिनेमाच्या दारात अठरा. गुगलच्या हिशेबात भारतासह बहुतेक देशांत तेरा. तेरावा वाढदिवस आला की मुलाला निरोप येई, आता तुझं खातं तू सांभाळू शकतोस, आणि कित्येक वर्षं त्यावर निर्णय मुलाचाच असे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून समाजमाध्यमांसाठी सोळा ही रेषा आखली. पण २०२० च्या त्या घाईत उघडलेल्या कितीतरी खात्यांवर जन्मतारीख बापाची आहे. गुगलच्या लेखी चौथीच्या कविता ऐकणारा आणि गाड्यांचे खेळ खेळणारा तो माणूस चाळिशीचा आहे. त्याला कसलं कुलूप घालणार?

भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती असं ठरवलं आहे. तिची माहिती वापरायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीची ही तरतूद अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहे. पालक खरोखर पालक आहे आणि सज्ञान आहे हे पटवण्याचा एक मार्ग नियमांत दिला आहे, डिजिलॉकरसारख्या सेवेतून मिळणारं टोकन. त्यासाठीचा ओटीपी येईल बापाच्या नंबरावर. तो नंबर ज्या फोनात आहे, तो फोन रोवणीच्या दिवसांत घरीच असतो.